व्हर्जिनियांतील दोन छात्रविद्यालयें

अमेरिकेंत लष्करी अधिकारी होऊं इच्छिणाऱ्या मुलानें सैनिकी अकादमींतच गेलें पाहिजे असें नाहीं. महाविद्यालयांत शिकतां शिकतां अधिकारपदाची तयारी करून घेणारी 'आर. ओ. टी. सी.' ही योजना तेथें १९१६ च्या कायद्यानें सुरू झाली. तिची शिष्यवृत्ति त्या देशाच्या नागरिकांसच मिळते. आमचा सतरा वर्षांचा नातू तेथेंच जन्मलेला. अर्जापूर्वीं विद्यालयें डोळ्यांनीं पाहावीं व अधिकाऱ्यांस भेटावें असें ठरलें, तेव्हां त्याच्या आईबरोबर आम्हीहि निघालों.

वाशिंग्टनकडून शेनँडोआच्या खोऱ्यांतून रस्ता नैर्ऋत्येस उतरतो. डाव्या हातास ब्लू रिजची निळसर रांग सतत सोबत करते. वाटेंत न्यू मार्केट लागतें. येथें १८६४ सालीं, यादवी युद्धांत, लेक्झिंग्टनच्या 'व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट'चे विद्यार्थी दक्षिणेकडून लढले व त्यांतील दहा जण प्राणांस मुकले. दक्षिणेचा पक्ष गुलामगिरी राखूं पाहणारा होता, हें विसरतां येत नाहीं. आज्ञा पाळण्यास शिकलेल्या मुलास आपलें कार्य निवडण्याची मोकळीक किती थोडी असते, हा विचार तेथें आमच्या मनांत आला व पुढें सुटला नाहीं.

लेक्झिंग्टनची ती संस्था १८३९ सालची. जनरल मार्शल हे तेथलेच १९०१ चे पदवीधर. १९९७ पासून मुलींसहि प्रवेश आहे. सारे विद्यार्थी गणवेषांत व बराकींत राहतात. मात्र पदवीनंतर सैन्यांत जाण्याची सक्ति सर्वांवर नाहीं.

ब्लॅक्सबर्गचें 'व्हर्जिनिया टेक' (१८७२) निराळें. तेथें १९६४ सालीं छात्रदल ऐच्छिक झालें, म्हणून गणवेषधारी व साधे विद्यार्थी एकाच वर्गांत बसलेले दिसतात. ही शिष्यवृत्ति घेणाऱ्यास मात्र छात्रदलांत राहावेंच लागतें. कवाइतीच्या विस्तीर्ण हिरवळीच्या कडेला आठ पाषाणस्तंभ उभे आहेत. त्यांवर युद्धांत पडलेल्या माजी विद्यार्थ्यांचीं नांवें व एकेका स्तंभास एकेक गुण: बंधुभाव, मान, नेतृत्व, त्याग, सेवा, निष्ठा, कर्तव्य, आठव्यावर संस्थेचें लॅटिन ब्रीद, 'उत् प्रोसिम', म्हणजे 'मी उपयोगी पडावें म्हणून'. त्यांतील 'प्रो' हा आपल्या 'प्र' उपसर्गाचा सोयरा व 'सिम' हें 'स्याम्' या विध्यर्थी रूपाचें भावंड. नातवास हें सांगत असतां त्याचें लक्ष नांवांच्या यादीकडे होतें.

दुसरे दिवशीं एका लेफ्टनंट कर्नलसाहेबांची भेट झाली. त्यांनीं हातचें न राखतां सारें सांगितलें. शिक्षणशुल्क, अथवा त्याऐवजीं निवास-भोजनाचा खर्च. पुस्तकांसाठीं वर्षास १२०० डॉलर. दरमहा ४२० डॉलर विद्यावेतन. मोबदला आठ वर्षांच्या बांधिलकीचा, कांहीं प्रत्यक्ष सैन्यांत व उरलेली राखीव दलांत, किंवा सर्वच राखीव दलांत वा नॅशनल गार्डमध्यें.

"आणि त्याचें मन फिरलें तर?" सूनबाईंनीं विचारलें.

चार वर्षांच्या शिष्यवृत्तींत पहिल्या वर्षाअखेर विनाऋण बाहेर पडतां येतें, दुसरें वर्ष सुरू झालें कीं करार लागू, असें उत्तर मिळालें. मग त्यांनीं मुलास विचारलें, "पैसे मिळाले नसते तर तूं आला असतास काय?"

तो क्षणभर थांबला. म्हणाला, "आधीं पैशांसाठींच चौकशी केली. काल तीं नांवें वाचल्यापासून दुसऱ्या गोष्टीचा विचार करतों आहें. अजून उत्तर नाहीं."

साहेब रागावले नाहींत. "मग पुन्हा ये," एवढेंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर सूनबाई फार बोलल्या नाहींत. विद्यादानाची आपली कल्पना निरपेक्ष. येथें विद्या उधारीवर मिळते व फेड आयुष्याच्या वर्षांनीं करावयाची असते. व्यवहार उघड आहे, म्हणून तो आम्हांस निंद्य वाटला नाहीं. परंतु तो मुलानें समजून करावा.

ज्यांचीं नातवंडें तिकडे आहेत त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, शिष्यवृत्ति व महाविद्यालयाचा प्रवेश या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वैद्यकीय तपासणी वेगळी. भेट घेणारा अधिकारी आपला अभिप्राय देतो, निवड मंडळ करतें. आमच्या नातवाचा अर्ज अद्याप मेजावर आहे. त्यावर सही त्याचीच व्हावयाची आहे, आणि घाई करूं नये असें आम्हीं सर्वांस बजावलें आहे.