तिथी पाहून समुद्रावर जावे

दिवाळीच्या सुटीत रत्नागिरी गाठणारी मंडळी हल्ली पुष्कळ. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि मुंबईकराला हे गाव फारच जवळचे झाले. सामान खोलीत टाकले की पोरेटोरे विचारतात, "समुद्र कुठे आहे?" लगेच रिक्षा येते आणि सारे कुटुंब भर दुपारी भाट्याच्या वाळूत उभे राहते. पाणी दूर गेलेले, तळपाय भाजताहेत, आजी छत्री शोधताहेत. मग कोणीतरी म्हणतेच, "एवढेच होय?"

मुरलेला रत्नागिरीकर असा बाहेर पडत नाही. तो आधी तिथी विचारतो. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पुऱ्या भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, दिवेलागणीला पुन्हा भरती. लक्ष्मीपूजनाची अमावास्या धरली, तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी पुरते ओसरलेले. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पाऊण तासाने पुढे सरकते, एवढेच यातले इंगित. हिशेब ठोकळ आहे, अर्धाएक तास इकडेतिकडे व्हायचाच. पण कुटुंबाची संध्याकाळ बेतायला तेवढा पुरतो.

ओहोटीची संध्याकाळ असेल तर मांडवीला जावे. येथली वाळू काळी, म्हणून गावात याला काळा समुद्र म्हणतात. इल्मेनाइटसारख्या जड खनिजाचे कण तिच्यात मिसळलेले आहेत. ओल्या काळ्या वाळूवर मावळतीचा उजेड पसरतो, तेव्हा बडबडी मुलेही घटकाभर गप्प होतात. शेजारीच समुद्रात घुसलेला रत्नदुर्गाचा डोंगर आहे. वर भगवतीचे देऊळ, जवळच १८६७ सालचे दीपगृह. डोंगराच्या पलीकडे मिऱ्याच्या बाजूला गेलात, की वाळू एकदम पांढरी! एकाच गावाला काळा समुद्र आणि पांढरा समुद्र, असे भाग्य क्वचितच आढळते. पण या पांढऱ्या समुद्राने मिऱ्याची बरीच जमीन खाल्ली. लाटा थोपवायला तेथे दगडी बंधारा घालावा लागला. मुलांना तो अवश्य दाखवावा. समुद्र देतो तसा घेतोही, हे पुस्तकातून इतके चटकन उमगत नाही.

भरतीची संध्याकाळ असेल तर भाट्ये. काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की लांबच लांब किनारा आणि सुरूचे बन. लाटा जवळ येत राहतात, वरून सुरूची सळसळ; खाली चटई अंथरून चिवडा-लाडवाचा डबा उघडावा. जवळच १९५५ पासूनचे नारळ संशोधन केंद्र आहे आणि किनाऱ्याच्या टोकाशी झरीविनायक.

पाण्याशी जायचेच नसेल त्यांनी थिबा पॉइंटच्या बागेत बसावे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठीचा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. १९१६ मध्ये तो येथेच वारला. बागेतून खाली खाडी, पूल आणि भाट्ये दिसते. भरतीचे पाणी खाडीत चढू लागले म्हणजे नदी उलटी वाहते आहेसे वाटते.

गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारेचे जोडकिनारे लागतात. वळणावरून दृश्य असे, की गाडी आपोआप थांबते. पण येथे हौसेला लगाम हवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. पाणी जितके वर चढते तितक्याच जोराने ओसरते आणि पाय सुटलेल्या माणसाला आत ओढते. सुटीत आलेली तरुण पोरे बुडाल्याच्या बातम्या कोकणकिनाऱ्यावरून दरसाल येतात. त्यांतल्या पुष्कळांना पोहता येत असते. पोहणे तळ्यात शिकता येते. समुद्राची वेळ मात्र किनाऱ्यावरच्या माणसालाच विचारावी लागते. जाळे विणीत बसलेला कोळी "आता नको" म्हणाला, तर वाद घालू नये.

दिवाळीत घरोघरी पंचांग निघतेच. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त पाहिला की त्याच पानावर शेजारच्या तिथीवरही बोट ठेवावे. भाऊबीजेला दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती, आणि पाचसहाच्या सुमारास पाणी मागे जात असलेले. त्या दिवशी लाटांत शिरू नये. मांडवीच्या काळ्या वाळूवर कोरडे बसावे. बहिणीने ओवाळावे, भावाने भेळ आणावी, आणि सगळी मोजून घरी परतावीत.