सरासरी आणि कोपरा

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या चार दिवसांसाठीं छत्रपति संभाजीनगरास, औरंगपुऱ्यांतील आमच्या घरीं आला होता. तो ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत नोकरीस आहे. फराळ झाल्यावर आम्हीं सहज विचारलें, “तूं तेथें करतोस तरी काय?”

तो म्हणाला, “काका, बंद इमारतींत सुटलेला वायु कोठें जाऊन बसतो, हें मी संगणकावर मांडतों.”

आम्हांस हसूं आलें. आम्ही मॅट्रिक झालेले संस्कृतचे मास्तर; धूर दिसला कीं तेथें अग्नि असावा, एवढेंच आमचें अनुमानशास्त्र! परंतु पुढचें ऐकून तें हसूं मावळलें.

अणुभट्टीस थंड ठेवणारें पाणी तुटलें, तर इंधनावरील झिर्कोनियमचें कवच अतिशय तापतें, वाफेंतील प्राणवायु ओढून घेतें आणि हायड्रोजन मोकळा होतो. त्यास ना रंग, ना वास; मग अनुमान कशावरून करावें? हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा 4 झालें कीं तो पेट घेऊं शकतो. 1979 सालीं अमेरिकेंत थ्री माइल आयलंड येथें तो भट्टीभोंवतालच्या रक्षक इमारतींतच पेटला. सुदैवानें ती टिकली. मार्च 2011 मध्यें जपानांत फुकुशिमा येथें त्याच्या स्फोटांनीं इमारतींचीं छपरें उडालीं. त्यांतील चौथ्या भट्टीच्या पात्रांत तर इंधनही नव्हतें. शेजारच्या तिसऱ्या भट्टीचा वायु नळांतून तिकडे शिरला होता!

“मग एकंदर वायूस एकंदर जागेनें भागलें म्हणजे झालें,” आम्ही म्हणालों.

“काका, तेथेंच फसगत होते. सरासरी शेंकडा 3 आली, तरी छताच्या एखाद्या कोपऱ्यांत 10 असूं शकतात. वाफ पुष्कळ असेल तोंवर ती आगीस आवर घालते; पण गार भिंतीवर वाफेचें पाणी झालें, कीं तोच कोपरा घातक होतो.”

म्हणून हे लोक संगणकांत त्या इमारतीचे लाखों खण पाडतात आणि प्रत्येक खणांत किती वायु आला, किती गेला, वेग व उष्णता किती, याचा क्षणाक्षणाचा जमाखर्च मांडतात. त्या गणिताचा प्रयोगाशीं पडताळाही घेतात. हायड्रोजनचें विजेवांचून पुन्हां पाणी करणारीं उपकरणें कोठें बसवावीं, हें ठरविण्यास तें उपयोगी पडतें. आपल्या तारापूरास त्या उपकरणांच्या परीक्षेची सोय उभारली आहे.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. जन्मभर दर सहामाहीस आम्हीं वर्गाची सरासरी काढली आणि ती बरी आली म्हणून समाधान मानलें. एका वर्षीं ती फारच चांगली होती. त्याच वर्षीं मागच्या बाकावरचा एक मुलगा, संस्कृतांत दुसऱ्यांदा नापास होऊन, शाळा सोडून गेला. त्याच्या घरीं जाऊन चौकशी करावी, असें आमच्या मनांतही आलें नाहीं. आमच्या आंकड्यांत तो कोठें दिसतच नव्हता.

चौथ्या दिवशीं दुपारीं पुतण्यास गाडींत बसवून आम्ही परतलों. ओटीवर मंडळींचें हास्यविनोद चाललें होतें. घर कसें आनंदांत होतें. माजघराच्या कोपऱ्यांत धाकटी सूनबाई एकटीच फराळाचीं ताटें आवरीत होती.

“सूनबाई, तुझा फराळ झाला काय?”

ती दचकली. “व्हायचा आहे, मामंजी.”

चार दिवसांत आम्हीं हें पहिल्यांदाच विचारलें होतें.