पोंग्यातलं देणं

2018 साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी सोलापूरकडच्या मक्यावरही आली. मी तेव्हा मक्याचे संकरित वाण किडीविरुद्ध तपासणाऱ्या गटात नवीच होते. पदवी हाती होती. नजर दिली ती अळ्या वाढवण्याच्या खोलीत काम करणाऱ्या मावशींनी. कुठल्याही अहवालात त्यांचं नाव नाही.

नुकती निघालेली अळी जेमतेम दिसते. मावशी मऊ कुंचल्याच्या टोकावर तिला अलगद उचलायच्या. "दाबू नगं पोरी, जीव हाय त्यो." मोठ्या झाल्यावर अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा. या खोलीवरच पुढची सगळी चाचणी उभी असते. शेतात कीड आपल्या मर्जीनं येते. तिच्या तावडीतून नुसतं सुटलेलं झाडही प्रतिकारक वाटतं. म्हणून प्रत्येक झाडाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, सारख्याच, तरतरीत अळ्या सोडायच्या, मग सात आणि चौदा दिवसांनी गुण द्यायचे.

गुण डेव्हिस यांच्या मोजपट्टीवर बेतलेल्या 1 ते 9 या पट्टीवर. 1 म्हणजे पान निरोगी किंवा फार तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, 9 म्हणजे पोंगा जवळपास फस्त. खरी कसोटी मधले पाच की सहा हे ठरवताना. मावशी सोबत यायच्या, पान उलगडून दाखवायच्या: भोकं किती ते मागाहून, आधी ती केवढी आहेत बघ, कोवळ्या पानाला लागलंय का बघ. नावामुळे गुण झुकू नयेत म्हणून ओळींवर फक्त क्रमांक असत. वाणांची यादी मी चाळू लागले, की त्या ती काढून घ्यायच्या.

आणखी एक देणं फार लांबचं आहे. मिसिसिपीच्या संशोधकांनी 1990 मध्ये नोंदवलेल्या 'एमपी 708' या मक्यात कॅरिबियन वाणांचा वंश आहे. अळीनं कुरतडलं की त्याच्या पोंग्यात एक विकर साठतं, ते अळीच्या आतड्यातल्या अस्तराला भोकं पाडतं आणि तिची वाढ खुंटते. ते बियाणं पिढ्यान्‌पिढ्या राखणारे बेटांवरचे शेतकरी मला कधी भेटणार नाहीत. असा प्रतिकार बहुधा अर्धामुर्धाच असतो, पण एखादी फवारणी वाचली तरी कोरडवाहू शेतकऱ्याला ती मोठी गोष्ट आहे.

आता माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलामुलींना मी आधी त्या खोलीतच बसवते. काहींना ते हलकं काम वाटतं. कुंचला नीट चालू लागेपर्यंत मी त्यांना गुणांची वही देत नाही.