शिफारस

सरकारी नोकरीत ज्याची उभी हयात गेली, त्याला 'शिफारस' या शब्दाचे भय वाटेनासे होते. आम्ही आजवर शेकडो शिफारशी केल्या; कुणाच्या बढतीच्या, कुणाच्या रजेच्या, कुणाच्या वैद्यकीय बिलाच्या. 'शिफारस करण्यात येत आहे' एवढे लिहून खाली सही केली, की कागद वर जातो आणि आपण मोकळे होतो. या वाक्यात कर्ता नसतो, हा त्याचा मोठाच गुण. पुढे काही बरेवाईट झाले, तर ती कुणी केली हे शोधण्यासाठी निराळी फाइल उघडावी लागते.

कर्ता असलेली शिफारस आमच्या वाट्याला प्रथम आली ती कोलकात्यास, आणि तीही चित्रपटांची.

आमच्या सरकारी वसाहतीलगत एक सेवानिवृत्त बंगाली प्राध्यापक राहतात. सकाळच्या फेरफटक्यात त्यांची गाठ पडू लागली आणि चार दिवसांतच आमच्या ध्यानात आले, की या शहरात चित्रपट हा माशाच्या बरोबरीने गांभीर्याचा विषय आहे. ते स्वाभाविकही आहे. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांच्या मित्रांनी 1947 साली 'कलकत्ता फिल्म सोसायटी' काढली, ती याच शहरात. 'पथेर पांचाली' आला 1955 साली. म्हणजे राय यांनी चित्रपट काढण्यापूर्वी आठ वर्षे मंडळी जमवून चित्रपट पाहण्याचा खटाटोप केला होता. आधी प्रेक्षक, मग दिग्दर्शक, हा क्रम आम्हांला फार आवडला. पुढे 1959 साली देशातल्या अशा संस्थांचा महासंघ झाला, तेव्हा त्याचे अध्यक्षपदही राय यांच्याकडेच आले.

प्राध्यापकांचे मंडळ त्या मानाने अगदीच लहान. साठ-सत्तर सभासद, महिन्यातून एका शनिवारी एका वाचनालयाच्या माडीवर लाकडी खुर्च्या मांडायच्या, चित्रपट पाहायचा आणि मग चहाबरोबर त्याच्यावर भांडायचे. एके सकाळी ते आम्हांला म्हणाले, "दादा, आम्हांला दोन मराठी चित्रपट सुचवा. एक जुना, एक नवा. पारितोषिकांची यादी आम्हांलाही वाचता येते. तुम्ही स्वतः आमच्याबरोबर बसून पाहाल, असे सांगा."

त्यांच्या या शेवटच्या वाक्याने आम्ही पुरते अडकलो. एरवी आपली शिफारस आपल्या पाठीमागे पाहिली जाते. इथे साठ अनोळखी माणसांच्या अंधारात आपणही बसायचे, आणि त्यांतला एकेक खोकला आपल्याच नावावर मांडला जायचा!

घरी येऊन आम्ही रीतसर तुलनात्मक तक्ता केला. 'श्यामची आई' (1953) पहिल्या ओळीत होता. अत्र्यांच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. परंतु परक्या माणसांदेखत रडण्याची आमची तयारी नव्हती. 'श्वास' (2004) हा नातवाच्या दृष्टीची आणि आजोबांच्या धीराची कथा. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार आहे. पण निम्मे सभासद मोतीबिंदूच्या वयाचे, तेव्हा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा विषय नको म्हटले. 'कोर्ट' (2014) मध्ये एका वृद्ध शाहिराचा खटला मुंबईच्या न्यायालयात तारखांमागून तारखा चालत राहतो. चित्रपट अस्सल आहे. मात्र दिवसभर तीच हवा खाऊन आलेल्या माणसाने शनिवारी संध्याकाळीही तीच का खावी? आमची सौभाग्यवती हे सारे ऐकत भाजी निवडीत होती. ती म्हणाली, "तुम्ही चित्रपट निवडताय की सबबी?"

शेवटी जुन्यांतून 'संत तुकाराम' आणि नव्यांतून 'किल्ला' अशी नावे दिली. पहिल्याची निवड अभिमानाने झाली, दुसऱ्याची जरा अनवधानाने. 'किल्ला' आम्ही एकदा पाहिला होता आणि त्यातला कोकणचा पाऊस तेवढा मनात राहिला होता. समुद्र, कौलारू घरे, ओल्या भिंती. बंगाली माणसाला पाऊस आवडतोच, एवढाच आमचा हिशेब.

'संत तुकाराम' हा 1936 सालचा, पुण्याच्या 'प्रभात'चा चित्रपट. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे सारे आम्ही प्रास्ताविकात सांगितले. पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, हे सांगितले. चित्रपटातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी असा लिहिला, की अनेकांना तो तुकोबांचाच वाटला, हेही सांगितले. टाळ्या पडल्या. दिवे मालवले, आणि आम्हांला घाम फुटला.

चमत्कार सुरू झाले तसे तरुण सभासदांत हसू पसरले. सालोमालोच्या कारवायांना हसले तर हरकत नव्हती. तो हसण्यासाठीच आहे. परंतु देवाच्या लीलांनाही हसू आले, तेव्हा आम्हांला तुकोबांची देहूहून येथवर फरफट केल्यासारखे वाटले. मग जिजाई आली. आजारी मुलाला ओढत, हातात पायताण घेऊन, विठोबाला जाब विचारायला ती देवळाकडे निघाली, आणि माडीवरचे हसू थांबले. गौरी या अभिनेत्रीने ही जिजाई अशी उभी केली आहे, की तिच्यापुढे चमत्कार फिके पडावेत. पागनीसांचे डोळे वैकुंठाकडे लागलेले असतात; हिचे चुलीकडे, म्हशीकडे, पोरांकडे. अखेरीस विमान येते आणि तुकोबा जातात. संसार खाली राहतो.

चहाच्या वेळी कुणी छायाचित्रणावर बोलले, कुणी भक्तिपरंपरेवर. सर्वांत शेवटी एका वृद्ध बाईंनी आम्हांला विचारले, "ते गेल्यावर तिने पोरांना दुसऱ्या दिवशी काय खाऊ घातले?"

या प्रश्नाला उत्तर आमच्याकडे नव्हते. लहानपणापासून हा चित्रपट आम्ही किती वेळा पाहिला असेल! प्रत्येक वेळी आमची मान विमानाकडे वर झाली होती. खाली कुणी उरले आहे, हे त्या बंगाली बाईंनी दाखवावे लागले.

पुढच्या महिन्यात 'किल्ला' होता. पूजेच्या सुट्टीला जोडून आमची कन्या बंगळूरहून आली होती. ती आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट 2014 सालचा. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षकमंडळाने त्याला पारितोषिक दिले, आणि मराठीतील सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. कथा अगदी साधी आहे. वडील वारलेले. आई सरकारी नोकरीत. तिची बदली पुण्याहून कोकणातल्या एका लहान गावी होते आणि अकरा वर्षांचा चिन्मय तिच्याबरोबर येतो. नवी शाळा, नवी पोरे; एकदा सारे सायकलींवरून किल्ल्यावर जातात आणि पाऊस कोसळत असताना चिन्मय तिथे एकटाच मागे राहतो. आई कचेरीतल्या अडचणींशी झगडते आहे. मुलगा तिच्याशी धड बोलत नाही. हळूहळू गाव त्याचे होऊ लागते. आणि मग पुन्हा बदलीचा हुकूम येतो.

बदलीचा हुकूम! आम्ही हा चित्रपट पावसासाठी निवडला होता.

घरी परतताना कन्या गप्प होती. ट्रामच्या थांब्याशी ती म्हणाली, "बाबा, भुवनेश्वर सोडलं त्या दिवशी आपण माझ्या मैत्रिणीकडे का नाही थांबलो?"

या गोष्टीला बारा वर्षे झाली. सामानाचा ट्रक ठरल्या वेळेआधी आला होता, गुवाहाटीला रुजू होण्याची तारीख तोंडावर होती, आणि मैत्रिणीचे घर वाटेवर नव्हते. 'तिथे पोचल्यावर फोन कर' असे आम्ही तिला सांगितले होते. ही सारी कारणे खरी होती. ती आम्ही तिथेच, थांब्यावर, क्रमवार सांगूही लागलो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तिने माझ्यासाठी डबा करून ठेवला होता. मला नंतर कळलं."

आमची वाक्ये तिथेच संपली. 'थांबता आले नाही' असे म्हणू गेलो, पण त्यातही कर्ता नव्हता. म्हणून म्हटले, "मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं." ती काही बोलली नाही, फक्त ट्राम आली तेव्हा तिने आमच्या हातातली छत्री आपल्या हातात घेतली.

परप्रांतात दिवस काढणाऱ्या आमच्या वाचक-बांधवांना हा अनुभव मुद्दाम सांगावासा वाटला. आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा कुणीतरी विचारतेच, की तुमच्या भाषेतले काय पाहावे? तेव्हा आपण मराठीची थोरवी सिद्ध करायला निघतो आणि पदकांची यादी वाचतो. यादी चुकीची नसते. पण यादी म्हणजे शिफारस नव्हे. ज्या चित्रपटाशेजारी आपल्याला साठ माणसांत आणि आपल्या माणसांत उघडे बसता येईल, त्याचे नाव द्यावे. आमच्या दोन चित्रपटांमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अंतर. आम्हांला मात्र दोन्हींत एकच घर दिसले. हाक आली म्हणून जाणाऱ्याचे घर. तुकोबांना वैकुंठातून हाक आली, आम्हांला मुख्य कचेरीतून येते, इतकाच फरक. मागे डबे तसेच राहतात.

प्राध्यापकांनी आता आणखी एक नाव मागितले आहे. 2025 साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात गाजलेला रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' आमच्या मनात आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांसाठी गावी आलेला एक मुंबईकर आणि त्याचा बालपणीचा मित्र, अशी ती गोष्ट आहे. हे नाव कळवण्यापूर्वी या वेळी आम्ही कन्येला फोन करून विचारले. ती म्हणाली, "चालेल. पण मी आल्यावर लावा."

त्याप्रमाणे तारीख तिच्या सुट्टीला धरून ठेवली आहे.