वडिलांची होडी

सातपाटी म्हटले की सर्वांस पापलेट आठवते. २०२३ साली त्या माशाला राज्यमाशाचा मान मिळाला, तेव्हा गावाचे नाव पुन्हा एकदा सर्वतोमुखी झाले. मासेमारीच्या ग्रंथांत मात्र ‘सातपाटी’ हे बोटीच्या एका घडणीचेही नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आमची होडी त्या थोरल्या कुळातली नव्हे. नांगरलेल्या बोटीपर्यंत माणसे व बर्फ पोहोचविणारी ती चौदा फुटांची चाकर. वडिलांच्या पश्चात कित्येक पावसाळे ती परसात ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या वैशाखात ती दुरुस्तीस घेतली, तेव्हा भाच्याने सोपा मार्ग सुचविला, “मामा, वरून फायबर मारून टाकू. दोन दिवसांचे काम.”

सूचना वावगी नव्हती. फायबरला समुद्री किडा पोखरीत नाही आणि दरसालची डागडुजीही पुष्कळ वाचते. हवाई बेटांवर लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या पूर्वी कोआ वृक्षाच्या लाकडाच्या असत व त्यांना तेल चोळीत. आता त्याही बहुधा फायबरच्याच असतात. परंतु जुन्या लाकडात मुरलेली ओल फायबरखाली कोंडली, तर फळी आतून कुजत जाते आणि वरचे कवच तसेच चकाकत राहते. मला ते नको होते.

गावातले एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी हातोडीने फळी न् फळी ठोकून पाहिली. खणखणीत नाद आला तेथे लाकूड शाबूत. बद्द आवाज आला तेथे आरी टोचली, ती लोण्यात शिरावी तशी शिरली. गंजलेल्या खिळ्यांभोवतीचा साग काळा पडला होता. तळाच्या दोन फळ्या व एक वांक बदलावा लागला. आतल्या कडेवर वडिलांच्या दोरीने पडलेली खाच मिस्त्री तासू पाहत होते. ती तेवढी राहू दिली.

मग सांधीत तेलात भिजविलेला कापूस भरणे आले. भाचा त्वेषाने ठासू लागला, तोच मिस्त्रींनी त्याचा हात धरला. “पोरा, एवढा नको. लाकूड पाणी पिऊन फुगणार. त्याला जागा नाही ठेवलीस, तर फळी खिळ्यांसकट उपटेल.” त्यांचे दोन्ही मुलगे बोईसरच्या कारखान्यांत आहेत. हे काम पुढे कोण करणार, असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. भाचा मात्र त्यानंतरचे चारही रविवार मोबाईल घरात ठेवून त्यांच्या शेजारी बसला.

शेवटी राळ व तेलाचा लेप वाळल्यावर होडी आतून पाण्याने भरली. पहिल्या दिवशी आठ ठिकाणी धारा लागल्या. फळ्या फुगत गेल्या, तशा त्या एकेक मिटल्या. चौथ्या दिवशी पठाणालगत एकच ओल उरली. मिस्त्रींनी तेथे खडूची खूण केली आणि छिन्नी भाच्याच्या हाती दिली.