शक्यता नाकारायची कुणी?

वैद्यकीय मजकूर मराठीत आणताना इंग्रजी ‘रूल आउट’साठी ‘नाकारणे’ हे क्रियापद घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. वर्तमानपत्रांनी ‘घातपाताची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य इतकं रुळवलंय, की लिहिणाऱ्याचा हात आपोआप तिकडेच वळतो. पण नाकारणं हे माणसाच्या मर्जीचं काम. मंत्री मुदतपूर्व निवडणूक ‘रूल आउट’ करतात तिथे ते शोभतं. दुखापतीमुळे गोलंदाज मालिकेतून ‘रूल आउट’ होतो तिथे मर्जीचा प्रश्नच नसतो. ‘मालिकेबाहेर’ म्हटलं की भागतं. रुग्णालयातला अर्थ या दोन्हींहून वेगळा आहे. तिथे शक्यता खोडायला पुरावा लागतो आणि पुरावा यायला वेळ लागतो. छातीत दुखतं म्हणून आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टर ‘आर/ओ एमआय’ लिहितात, म्हणजे हृदयविकाराचा झटका नाही ना, हे अजून तपासायचं आहे. ईसीजी ठीक असला तरी तेवढ्यावर थांबत नाहीत. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तातलं ट्रोपोनिन वाढायला काही तास जातात. म्हणून पहिला नमुना नॉर्मल आला तरी बहुधा दुसरा घेतात. या मधल्या वेळात ‘झटक्याची शक्यता नाकारली’ असं मराठीत लिहून दिलं, तर नातेवाईक रुग्णाला घरी न्यायची घाई करतील. म्हणून तपासणी व्हायची असेल तर मी ‘झटका नसल्याची खात्री करणे’ लिहितो. झाली असेल तर ‘तपासणीत झटका आढळला नाही’. शब्द वाढतात, वाढू देत.

डॉक्टर आणि नातेवाईक सर्रास ‘अटॅक रूल आउट झाला’ म्हणतात, मग तेच देवनागरीत का नको? बोलताना जरूर म्हणावं. सांगणारा समोर असतो, उलट विचारता येतं. रुग्णाला घरी दिलेल्या माहितीपत्रकाला काही विचारता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चाचणीलाही मर्यादा असतात, मग ‘नाही’ म्हणायचं कशाच्या जोरावर? पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी असल्याचा संशय मुळातच कमी असेल, तरच डी-डायमर ही रक्तचाचणी निगेटिव्ह आल्यावर गुठळी नाही असं धरतात. संशय दाट असेल तर शिरेची डॉप्लर सोनोग्राफी करावीच लागते. तेव्हा नुसत्या डी-डायमरवर इंग्रजीत ‘रूल्ड आउट’ लिहिलेलं दिसलं, तर मराठीत काय जावं हे अनुवादकाने परस्पर ठरवू नये, लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारावं.