पावती बी असू द्या

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडच्या पारावर पिकापाण्याच्या गप्पा मागं पडतात. कोण कोणत्या कारखान्याला चाललं, कुणी किती उचल घेतली, कुणाची टोळी यंदा कर्नाटकात जायची, हेच बोलणं चालतं. माजलगावला सिंदफणेवर धरण झालं, कालव्याला पाणी आलं, तेलगावला साखर कारखाना उभा राहिला. तरी कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरची वाट धरणं थांबलं नाही. ज्याच्या रानात पाणी पोचलं तो ऊसवाला झाला. ज्याच्या रानात पोचलं नाही तो दुसऱ्याचा ऊस तोडायला गेला.

नेतृत्व म्हटलं की आपल्याला सभा आठवते, हारतुरे आठवतात. ऊसतोड कामगारांच्या संपांनी असे पुढारी या भागाला दिलेही. पाथर्डीचे बबनराव ढाकणे, नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे ही नावं कोपीकोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्याझोपड्यांत, माहीत आहेत. मला मात्र त्याहून लहान, रोजचं नेतृत्व बघायला आवडतं. ते मुकादमाचं.

मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे उचलतो आणि कोयत्यांना आगाऊ वाटतो; हीच उचल. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसं, चार हात, हिशेबात एक. ही जोडी सहा महिने मुकादमाच्या शब्दावर चालते. कोणता फड आधी धरायचा, कोपी कुठं घालायची, खाडा कुणाचा लावायचा, सगळं तोच ठरवतो. जुन्या पिढीत तो बहुधा भाऊबंद किंवा सोयरा असे. हिशेब त्याच्या खिशातल्या डायरीत, निम्मा डोक्यात. त्याला हिशेब विचारणं म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यावर संशय घेणं. पण फडात एखादीच्या पोटात कळ आली तर भर रात्री ट्रॅक्टर जोडून दवाखान्याला नेणाराही तोच. फडमालक वाढ्यावरून, म्हणजे उसाच्या शेंड्यांवरून, भांडायला उठला तर पुढं उभा राहणाराही तोच. माणसं त्याला घाबरत, आणि त्याच्याच आधारानं परमुलखात झोपत.

अशा जुन्या मुकादमांपैकी एक आमच्या ओळखीचे आबा. त्यांच्या टोळीत गेल्या काही हंगामांपासून बारावी झालेली पोरं आहेत. एकदा एका पोरानं सरळ विचारलं, "आबा, काट्याची पावती दावा की."

"इस्वास नाही व्हय रं माझ्यावर?"

"इस्वास हाय आबा. पावती बी असू द्या."

आबा त्या दिवशी जेवले नाहीत, असं सांगतात. त्यांच्या लेखी विश्वास आणि पावती एका घरात नांदतच नाहीत. पोराच्या लेखी दोन्ही लागतात. पिढ्यांचं अंतर म्हणून शहरातल्या कचेऱ्यांत ज्यावर व्याख्यानं होतात, ते इथं एवढ्या दोन वाक्यांत मावतं.

पोराला पावती का लागते, ते मोबाइलवरच्या आकडेमोडीत दिसतं. जानेवारी 2024मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनाला 273चे 366 रुपये झाले. मुकादमाचं कमिशनही एका टक्क्यानं वाढलं. या दरानं एका कोयत्यानं लाखाची उचल घेतली असेल, तर ती फेडायला 273 टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तरी साडेचार महिने गेले. म्हणजे हंगाम संपत येतो तेव्हा कुठं माणूस शून्यावर येतो. अशा गणितात एखाद्या खेपेचं वजन डायरीत उतरायचं राहिलं, तर कोयत्याचा एक अख्खा दिवस बुडतो. पोरगं उद्धट झालेलं नाही, त्याला भागाकार आला आहे.

पण आबांनाही झोप नसते. पैसे त्यांच्या सहीवर उचललेले असतात. उचल घेऊन कोयते पळाले तर कारखाना पळालेल्याला शोधत बसत नाही, आबांच्या दारात येतो. त्यांच्या आवाजातली जरब पुष्कळदा वरून आलेल्या कर्जाची असते. वर वाकलेला माणूस खाली ताठ उभा राहतो; ही उतरंड त्यांनी रचलेली नाही, त्यांना ती वाट्याला आली.

आबांच्या मुलाला मुकादमकी नको आहे. त्याला तोडणी यंत्रावर बसायचं आहे. सरकारनं 2023मध्ये 900 यंत्रांना अनुदान द्यायची योजना आणली, किमतीच्या 40 टक्के किंवा जास्तीत जास्त 35 लाख. यंत्राला सरीचं अंतर मोठं लागतं, रान सलग लागतं. ओल्या रानात आणि आडव्या पडलेल्या उसात ते अडतं. म्हणून कोयता अजून आहे. मुलाचं म्हणणं साधं आहे: "यंत्र उचल घेत नाही, पळून जात नाही." आबा म्हणतात, "अन् त्याचं लेकरू तापानं फणफणत नाही." दोघंही एकच गोष्ट सांगतात, एकाला त्यात सुटका दिसते, दुसऱ्याला ओस पडलेला फड.

मला दोघांच्या मध्ये बसल्यावर वाटतं, आबांच्या पिढीनं टोळी सांभाळली मायेनं आणि बांधली मात्र उचलीनं. दोन्हींची इतकी घट्ट गाठ पडली की माया हवी तर कर्ज घ्या, असंच माणसं धरून चालली. नव्या पोरांना ही गाठ सोडवायची आहे. ते करताना माया सुटून जायची भीती आहे, कारण काट्याची पावती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकता येते. रात्री उठून ट्रॅक्टर जोडणं टाकता येत नाही. यापुढं मुकादम कुणाला म्हणायचं, तर जो उघडा हिशेब ठेवील आणि तरीही रात्री उठेल त्याला.

असं माणूस शोधायला फार लांब जायला नको. आबांच्याच टोळीत पावत्या वाचते ती एका घरची बारावी झालेली सून, आणि आजारी बाईपाशी रात्रभर बसतेही तीच. मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, पहाटे भाकरीही थापते. निम्म्या टोळीचा हिशेब तिला तोंडपाठ आहे. उचल मात्र नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते. पावती मागणाऱ्या पोरांनी पुढचा प्रश्न आता स्वतःच्या घरात विचारायला हवा: कोयत्यात माणसं दोन असतात, तर वहीत नाव एकच का?